यशाच्या शिखरावर असताना रेडिओहेड या इंग्लिश रॉक बँडने 'किड ए' या अल्बममध्ये गिटार बाजूला का ठेवली? भीती वाटली नाही का?

वाटली ना. १९९७ च्या 'ओके कॉम्प्युटर' अल्बमनंतर त्यांचा गिटारवादक एड ओब्रायनला सुटसुटीत, तीन मिनिटांची गिटारची गाणी हवी होती. गायक थॉम यॉर्कला रॉकचा वीट आला होता. पटलं नाही तर बँड मोडायचा, इथपर्यंत गोष्ट गेली होती. पण मला 'का'पेक्षा 'कसं' महत्त्वाचं वाटतं. जॉनी ग्रीनवुडसारखा गिटारवादक ऑंद मार्तनो हे १९२८ सालचं फ्रेंच इलेक्ट्रॉनिक वाद्य घेऊन बसला. काही गाण्यांत फिल सेल्वेच्या ड्रमला कामच नव्हतं. तरी पाचही जण टिकले.

आमच्या गोव्यातल्या फोंड्याच्या बँडमध्ये हे कुणाला जमलं नाही. मी ड्रमवर. चवथीच्या आरत्यांत लहानपणापासून घुमट, म्हणजे तोंडाला चामडं लावलेलं मातीचं मडकं, वाजवलेलं, म्हणून एका गाण्यात मी काठ्या ठेवून घुमट घेतलं. घोरपडीच्या चामड्यावर बंदी आल्यापासून बकऱ्याचं चामडं लावतात, ते पावसात सैल पडतं. बल्बच्या उबेला धरून ते ताणायचं, मग उजव्या हाताने थाप मारताना डाव्या तळव्याने मागचं तोंड झाकत-उघडत तो खोल घुमारा काढायचा. त्यावर डिस्टॉर्शनची, म्हणजे खरखरीत आवाजाची गिटार आली की घुमट मेलंच. म्हणून मी गिटारवाल्याला म्हटलं, पहिल्या कडव्यात तू वाजवू नको.

"मग मी काय झांजा कुटू? रॉक आहे की आरती?"

कार्यक्रमात त्याने अँप आणखी वाढवला. घुमट पहिल्या रांगेतही ऐकू गेलं नाही. नंतर तोच गावभर सांगत सुटला, रॉकमध्ये घुमट चालत नाही.

चालतं! जागा दिली तर. रेडिओहेडने पॉल लान्स्कीच्या १९७३ च्या संगणकीय रचनेतला तुकडा घेऊन एक अख्खं गाणं उभं केलं. तिथे कुणी 'माझी गिटार कुठे' म्हणून अडून बसलं असतं, तर ते गाणं झालंच नसतं.

आता हेही खरं, की त्यांच्याकडे पैसा होता, वेळ होता. एकही सिंगल, म्हणजे सुटं गाणं, न काढता २००० साली 'किड ए' अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला. नवख्या बँडला हे परवडेलच असं नाही. आणि घुमट प्रत्येक गाण्याला शोभतं, असंही माझं म्हणणं नाही.

तुमचा स्वतःचा बँड असेल तर गिटारवाल्याला आधीच विचारून घ्या, अख्खं गाणं हात खाली ठेवून स्टेजवर उभा राहशील का? नाही म्हणाला तर दुसरा बघा. आमचा अजून बाजारात भेटला की घुमटालाच बोल लावतो.