पिल्लू नर की मादी, रंगावरून कधी कळतं आणि कधी नाही

नमस्कार मंडळी, गेल्या आठवड्यात एका ताईंनी फोटो पाठवला. डालग्याखाली अकरा पिल्लं, काही काळी, काही पिवळी, दोघांच्या पाठीवर खारीसारखे पट्टे. विचारलं होतं, "साहेब, खुडूक (अंडी उबवायला बसलेल्या) कोंबडीखाली तीन कोंबड्यांची अंडी मिसळून बसवली होती, त्यातली एक पट्ट्यापट्ट्याची राखाडी आहे, कोंबडा तांबडा, ऱ्होड आयलंड जातीचा आहे, तर यात तलंगा (तरुण माद्या) किती, कोंबडे किती, आणि मोठेपणी रंग हाच राहील का?" असाच प्रश्न अजून दोघा-तिघांचा आहे म्हणून सगळ्यांना मिळूनच सांगतो.

ताई, तुमच्याकडे एक सोय आयती आहे, ती पट्ट्याची कोंबडी. तिची पिल्लं बहुतेक काळीच निघतात. काळं पिल्लू हातात घ्या, उजेडाकडे तोंड करा आणि डोक्याचा माथा बघा. माथ्यावर पांढुरका ठिपका असेल, अगदी चुन्याचं बोट टेकवल्यासारखा, तर तो नर, आणि डोकं सगळं काळं असेल तर मादी. हे अंदाजाने सांगत नाहीये. कोंबड्यांमध्ये नर की मादी हे आईकडून ठरतं, आणि पट्ट्याचा गुण आई फक्त मुलाला देते, मुलीला देत नाही. म्हणून पिसं फुटली की नर आईसारखे पट्ट्याचे होतात आणि तलंगा काळ्या राहतात, फार तर मानेवर थोडी सोनेरी-तांबडी झाक येते.

पण हे उलटं चालत नाही हे नीट लक्षात घ्या. कोंबडा पट्ट्याचा आणि कोंबडी काळी किंवा तांबडी असेल तर बाप तो गुण मुलगा-मुलगी दोघांनाही देतो, मग ठिपका बघून काही उपयोग नाही. आणि पिल्लू पिवळं असेल तर ठिपका असला तरी दिसत नाही. पुढच्या वेळी अंडी बसवताना प्रत्येक अंड्यावर शिसपेन्सिलने कोणत्या कोंबडीचं ते लिहा, आणि पिल्लं निघायच्या दिवशी खुराड्यात स्वतः बसा, कारण टरफलं एकमेकांत मिसळली की कोणाचं पिल्लू कोणतं ते कळायचं नाही.

आता मोठेपणीच्या रंगाचं. पिवळं पिल्लू पांढरंही होतं, तांबडंही होतं, पहिल्या दिवशी मी तरी सांगणार नाही. काळ्या पिल्लाचं पोट आणि पंखाची टोकं पांढरी असतात, ते बघून लोक म्हणतात हे चितकबरं होणार, तसं नसतं, पिसं बदलत गेली की बहुतेक ते काळंच होतं. पाठीवर खारीचे पट्टे असलेल्या पिल्लांचं मला जास्त आवडतं कारण तिथे पाच-सहा आठवड्यांत रंगच बोलायला लागतो. नराच्या छातीवर काळी पिसं यायला लागतात आणि पंखाच्या खांद्यावर तांबडा डाग उठतो, मादीची छाती तपकिरी-गुलाबीसर राहते. पक्का रंग मात्र साडेचार-पाच महिन्यांनीच, तोवर दोन-तीनदा पिसं बदलतात, त्यामुळे दोन महिन्यांच्या पिल्लाचा फोटो दाखवून "हा अमुक जातीचा" म्हणून कोणी विकत असेल तर घाई करू नका.

बाकी सगळ्या संकरित पिल्लांना, म्हणजे वनराजा, गिरीराजा, कावेरी या सुधारित जातींचं गावरानशी मिसळलेलं जे काही तुमच्या दारात आहे त्याला, तुरा बघायचा. पाचव्या-सहाव्या आठवड्यात नराचा तुरा गुलाबी-लाल होऊन उठून दिसतो, मादीचा पिवळट आणि बारीक राहतो. शेपटी मादीला लवकर येते, नर त्या वयात मागून बोडका आणि पायाने जाड दिसतो. एकाच वयाची पिल्लं शेजारी शेजारी धरून बघा, एकटं पिल्लू बघून माझीही चूक होते. खरी खात्री दहा-बारा आठवड्यांनी. पाठीच्या शेवटी, शेपटीच्या अलीकडे, बोट फिरवून पिसं उचला. टोकदार, लांब, चकचकीत असतील तर कोंबडा. गोल टोकाची असतील तर तलंग. इथे सहसा चूक होत नाही.

असील या झुंजीच्या जातीचा क्रॉस पाळणाऱ्यांनी तुऱ्यावर जाऊ नये. असीलचा तुरा मुळातच आखूड, दाबलेला, नराचाही उशिरा वाढतो, मग लोक कोंबडे तलंगा म्हणून सांभाळत बसतात. त्यांनी पाठीच्या पिसांचीच वाट बघावी. कडकनाथ कोंबडा आणि पिवळ्या पायाची कोंबडी असेल तर दीड-दोन महिन्यांत पायाचा रंग बघा, मादी काळपट पायाची, नर त्यामानाने फिकट, इथेही बाप-आई उलटे झाले की हे लागू नाही.

अंडं टोकदार असेल तर नर, गोल असेल तर मादी, दोऱ्याला सुई बांधून फिरवली की कळतं, मानेला धरून उचललं की कळतं, यातलं काहीही खरं नाही. शेपटीखाली दाबून बघायची पद्धत आहे, पण ती हॅचरीत शिकलेल्या माणसाचं काम, घरी करायला गेलात तर नाजूक पिल्लाला इजा होते.

एका भावाने मागच्या वर्षी "फक्त मादी" म्हणून जास्त पैसे देऊन रंगीत पिल्लं घेतली आणि अडीच महिन्यांनी निम्मी आरवायला लागली, फार वाईट वाटलं. रंगीत मिश्र पिल्लं घेताना निम्मे नर धरूनच हिशोब करा.

आणि ओळखलेली पिल्लं विसरू नयेत म्हणून दोरा बांधू नका, पाय जाड होतो आणि दोरा मांसात रुततो. नखाला नेलपॉलिश लावा, आठवड्याने परत लावा, दहा आठवड्यांनी नर वेगळे काढायला सोपं जातं.