'देखरेख' की 'पाळत'?

प्रश्न असा: सरकारी सर्व्हेलन्समुळे लेखक काय लिहायचं टाळतात, या विषयावरच्या लेखाचा अनुवाद करताना 'सरकारी देखरेख', 'गोपनीयतेचा भंग' (प्रायव्हसीचा) आणि 'स्वनियंत्रण' (सेल्फ-सेन्सॉरशिप) हे शब्द चालतील का?

मी तिन्ही बदलेन. देखरेखीत काळजी आहे. ती बांधकामावर असते, आजाऱ्यावर असते, आणि काही बिघडलं तर देखरेख करणाऱ्याला जाब विचारता येतो. 'टेहळणी' म्हणावं, तर ती बुरुजावरून होते. इथे 'पाळत'च हवी. चोर घराच्या पाळतीवर असतो, पोलीस चोरावर पाळत ठेवतात. दोन्हीकडे समोरच्याला कळू द्यायचं नसतं. अडचण एवढीच की पाळत अमक्यातमक्यावर असते. सगळ्यांच्याच फोनच्या नोंदी साठवल्या जातात तेव्हा 'सरसकट पाळत' म्हणावं लागेल.

'गोपनीयता' मला खटकतेच. गोपनीय म्हणजे लपवण्याजोगं. (गुप् धातूचा 'राखणे' हाही अर्थ आहे, पण तो आता कुणाच्या कानात उरलेला नाही.) शब्दातच लपवाछपवी असली की 'तुमच्याकडे लपवण्यासारखं आहेच काय?' हा प्रश्न आयताच मिळतो. शिवाय मंत्री शपथ घेतात तीही पदाची आणि गोपनीयतेची! सरकारनं झाकायचं आणि माणसानं आपल्यापाशी ठेवायचं, दोन्हीला एकच शब्द कशाला? 'खासगीपणा' घ्या. मराठेशाहीत खासगी म्हणजे राज्यकर्त्याच्या घरची मिळकत, दौलतीच्या हिशेबापासून वेगळी. राज्याच्या हिशेबात न येणारं ते खासगी, हा अर्थ इथे नेमका बसतो.

'स्वनियंत्रण' तर सद्गुण वाटतो. पेन अमेरिका या लेखकांच्या संघटनेनं २०१३ साली, अमेरिकी सरकारच्या सरसकट पाळतीबद्दल एडवर्ड स्नोडेन यांनी केलेल्या गौप्यस्फोटानंतर, ५२० हून अधिक अमेरिकी लेखकांना विचारलं होतं. त्यांतल्या १६ टक्क्यांनी एखाद्या विषयावर लिहिणं-बोलणं टाळलं होतं, २४ टक्क्यांनी फोनवर किंवा ईमेलमध्ये काही विषय मुद्दाम काढले नव्हते. याला संयम कसं म्हणणार? बंदी आली तर निदान पुस्तकाचं नाव यादीत राहतं. इथे तर पुस्तकच होत नाही. आपल्याकडे 'हातचं राखून लिहिणं' आहे, पण त्यात थोडा धूर्तपणाही येतो, म्हणून जोडीला 'धास्ती' लागेल.

तेव्हा हे तिन्ही शब्द बदलून वाक्य मी असं करेन: 'सरकारी पाळतीच्या धास्तीनं लेखक हातचं राखून लिहू लागले, आणि त्यांच्या पत्रव्यवहारातला खासगीपणा गेला.'