मलेरियाच्या परजीवीची प्रथिने तांबड्या पेशीत नेमकी कुठे सापडतात?

फक्त परजीवीच्या अंगात नाही, तर पेशीच्या द्रवात, आवरणाच्या आतल्या बाजूला आणि थेट बाहेरच्या पृष्ठभागावरही सापडतात. हे मलेरियाच्या परजीवीच्या फॅल्सिपेरम या जातीबद्दल. परजीवी पेशीत एका पिशवीत राहतो आणि पिशवीच्या पटलातल्या ‘पीटेक्स’ या दारातून प्रथिनं उलगडून बाहेर ढकलतो. आवरणाखाली केएएचआरपी हे परजीवीचं प्रथिन साचतं, त्यामुळे पृष्ठभागावर बारीक उंचवटे येतात. साध्या मायक्रोस्कोपला ते दिसत नाहीत, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पेशीवर पुरळ उठल्यासारखे दिसतात. त्यांच्यावरच पीएफईएमपी-१ हे दुसरं प्रथिन असतं. ते रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटतं, म्हणून पेशी प्लीहेत जाऊन नष्ट होण्यापासून वाचते. मेंदूच्या मलेरियाचं मूळही बरंचसं इथेच आहे. एचआरपी-२ हे तिसरं प्रथिन मात्र पेशीद्रवात असतं आणि रक्तातही उतरतं. रॅपिड टेस्टच्या पट्टीवर रेघ उमटते ती बहुधा त्याचीच. उपचारानंतरही काही आठवडे ती उमटू शकते, त्यामुळे औषध लागू पडलं नाही असं लगेच समजू नका; रक्ताची काच (स्लाइड) मायक्रोस्कोपखाली तपासून घ्या. एक लक्षात ठेवा: व्हायवॅक्स या मलेरियाच्या दुसऱ्या जातीत ना हे उंचवटे असतात, ना एचआरपी-२, त्यामुळे हे वर्णन त्याला जसंच्या तसं लावू नका.