फोन लावला आणि दोनदा कट केला

"मॅडम, पॅनिक अटॅक आला की त्या टेलि-मानस हेल्पलाइनला फोन करून बोलायचं तरी काय? आणि बोलून धडधड थांबते का?" हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी कुणी ना कुणी विचारतं. त्यामागे आणखी एक प्रश्न असतो, तो जरा हळू आवाजात येतो: "कुणाला कळणार नाही ना?"

उत्तर द्यायचं तर मला मास्तर आठवतात. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, एसटीचे कंडक्टर. नगर जिल्ह्यातल्या एका आगारात सोळा वर्षं नोकरी, वय चाळीसच्या आत, घरी बायको, दोन मुली आणि आई.

पहिला झटका आला तो पुण्याच्या गाडीवर, संगमनेर सोडल्यावर चंदनापुरी घाटात. गाडी खचाखच भरलेली, हातात तिकिटाचं मशीन. अचानक छाती धडधडायला लागली, घसा आवळला, बोटांना मुंग्या आल्या, समोरची माणसं लांब गेल्यासारखी वाटली. "मी आता जातो," एवढंच डोक्यात. ड्रायव्हरने गाडी थेट दवाखान्यात नेली. ईसीजी झाला, रक्त तपासलं, सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, "काही नाही, गॅस आहे." मास्तर पंधरा दिवस ॲसिडिटीची गोळी खात होते. मग दुसरा झटका, मग तिसरा. आईने दृष्ट काढली, बायकोने गुरुवार धरले. मास्तरांनी काय केलं? घाटाची ड्युटी बदलून घ्यायला सुरुवात केली. नंतर गर्दीच्या गाड्या टाळल्या. त्यानंतर मुक्कामी गाडी.

माझ्या मते खरा आजार इथे सुरू झाला. झटका वीस-पंचवीस मिनिटांत ओसरतो. टाळाटाळ वर्षानुवर्षं राहते आणि माणसाचं जग आकसत जातं.

एकदा मात्र बदली माणूस मिळाला नाही आणि मुक्कामी गाडी गळ्यात पडली. डोंगराकडेचं गाव, देवळासमोर उभी केलेली गाडी, पुढच्या सीटवर ड्रायव्हर घोरतोय. रात्री अडीचच्या सुमारास मास्तर झोपेतून ताडकन उठले. झोपेतही पॅनिक अटॅक येतो, हे पुष्कळांना माहीत नसतं. स्वप्न पडलेलं नसतं, काळजीही चालू नसते, तरी येतो. ड्रायव्हरला उठवायची लाज वाटली. मुलीने कधीतरी मोबाइलमध्ये हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर टाकून ठेवला होता. तो लावला. भाषा निवडायला सांगणारा आवाज आला आणि मास्तरांनी फोन कट केला. पुन्हा लावला, पुन्हा कट. तिसऱ्यांदा मराठी निवडलं आणि थांबले.

"मला बोलताच येईना मॅडम," त्यांनी मला नंतर सांगितलं. "नुसता धापा टाकत होतो. पलीकडची बाई म्हणाली, 'दादा, बोलू नका. मी मोजते, तुम्ही फक्त श्वास सोडा.'"

तिने आधी विचारलं होतं की असं पूर्वी झालंय का, ईसीजी काढला होता का, कळ हातात किंवा जबड्यात जातेय का. एकटे आहात का, जिवाचं बरंवाईट करायचा विचार मनात येतोय का, हेही. त्याचा मास्तरांना राग आला होता. पण हा प्रश्न प्रशिक्षित माणूस प्रत्येकाला विचारतो. त्यात संशय नसतो. उत्तर 'हो' असेल तर पुढची वाट वेगळी असते, म्हणून तो विचारावाच लागतो.

मग श्वास. घेताना तीनपर्यंत, सोडताना सहापर्यंत. यात जादू नाही. घाबरल्यावर आपण गरजेपेक्षा जास्त श्वास घेतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि त्यानेच बोटांना मुंग्या येतात, चक्कर येते, छाती आवळते. 'हवा पुरत नाही' असं वाटत असतं आणि प्रत्यक्षात हवा जास्त झालेली असते. त्यानंतर ती म्हणाली, समोर काय काय दिसतंय ते सांगा. मास्तरांनी सांगितलं: मशीन, पैशांची बॅग, घंटीची दोरी, देवळातला दिवा, ड्रायव्हरचे पाय. ड्रायव्हरच्या पायांपाशी त्यांना स्वतःलाच हसू आलं.

तर काय बोलायचं, याचं उत्तर: "मला भीतीचा झटका आलाय" एवढं एक वाक्य पुरतं. तेही जमलं नाही तर गप्प राहिलेलं चालतं.

ही टेलि-मानस सेवा केंद्र सरकारची आहे. १० ऑक्टोबर २०२२ रोजी, जागतिक मानसिक आरोग्य दिनी सुरू झाली. मध्यवर्ती जबाबदारी बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेकडे आहे. चोवीस तास, विनामूल्य. १४४१६ लागला नाही तर १८००-८९१-४४१६. पहिल्या पायरीवर समुपदेशक बोलतात. गरज पडली तर पुढे मानसोपचारतज्ज्ञांपर्यंत किंवा जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयातल्या मानसिक आरोग्य विभागापर्यंत जोडून देतात. मास्तरांनाही सिव्हिलचा रस्ता तिथूनच कळला आणि सिव्हिलमधून ते माझ्याकडे आले. बोलणं गोपनीय राहतं. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये गोपनीयतेचा हक्क दिलेला आहे. जिवाला धोका असेल तेव्हा मात्र त्याला अपवाद आहे. आगारात कुणी फोन करून सांगत नाही. मास्तरांना सगळ्यात जास्त भीती त्याचीच होती.

एक गोष्ट मात्र ठासून सांगते. छातीत असं दुखणं आयुष्यात पहिल्यांदाच होत असेल, दरदरून घाम, हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ असेल, तर हेल्पलाइन नाही, १०८. हा पॅनिक आहे की हृदयविकार, हे फोनवर ठरत नाही. घरात बसून तर नाहीच. आधी तपासणी, थायरॉइड आणि हिमोग्लोबिनसुद्धा. ते सगळं नीट आलं की मग मनाचं बघू.

आता त्या गोष्टीची दुसरी बाजू, जी सहसा कुणी सांगत नाही. त्या रात्रीनंतर मास्तर फोनला इतके चिकटले की छातीत जरा ठोका चुकला की १४४१६. महिन्याभरात अकरा वेळा. मोबाइलची बॅटरी उतरली तर जीव वर-खाली. खिशात नंबर असल्याशिवाय घराबाहेर पाऊल पडेना. मी त्यांना विचारलं, "मास्तर, फोन लावेपर्यंत धडधड किती वेळ असते?" ते म्हणाले, "लगेच लावतो की." म्हणजे फोन न करता ती उतरते का, हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. हेल्पलाइन ही बुडत्याला दिलेली काठी आहे. पोहायला ती शिकवत नाही. यात त्या सेवेचा काही दोष नाही, तिचं ते कामच नव्हे.

आम्ही ठरवलं: झटका आला की घड्याळ बघायचं, दहा मिनिटं थांबायचं, मग वाटलं तर फोन. पहिल्या आठवड्यात तीनदा केला. दुसऱ्या आठवड्यात एकदा. मग माझ्या खोलीबाहेर त्यांना जिन्यावरून वर-खाली पळवलं, मुद्दाम धाप लावली. छाती धडधडली, घाम फुटला आणि ते मेले नाहीत. सोळा वर्षं चालत्या गाडीत तोल सांभाळणाऱ्या माणसाला जिन्यावर पळताना पाहून आमच्या मावशींनी चहा टाकायचा थांबवला, तो वेगळाच किस्सा. सिव्हिलच्या डॉक्टरांनी रोजची एक गोळी सुरू केली होती. ती त्यांच्याच सल्ल्याने चालू राहिली. त्याआधी कुणी मित्राने दिलेली झोपेची गोळी मात्र मास्तर स्वतःच्या मनाने अधूनमधून घेत होते. त्या गोळ्यांची सवय लागते, म्हणून तीही डॉक्टरांपुढे ठेवायला लावली.

घाट शेवटी ठेवला. आधी रिकाम्या वेळी प्रवासी म्हणून, खिडकीपाशी बसून. मग ड्युटीवर, पण सकाळच्या मोकळ्या गाडीला. त्यानंतर शनिवारची गर्दी. शनिवारी वळणावर धडधड झालीच. तिकिटं फाडताना हात थरथरला, एका आजींना पाच रुपये जास्त परत गेले. "ते पाच रुपये मी खिशातून भरले," हे त्यांनी मला दोनदा सांगितलं. झटका कसा गेला ते मात्र विचारल्यावरच आठवलं.

नंबर अजून त्यांच्या मोबाइलमध्ये आहे. काढू नका, असं मीच सांगितलं. मागच्या पंधरवड्यात त्यांची माझ्याकडे यायची वेळ होती, ती त्यांनी आदल्या दिवशी फोन करून रद्द केली. मुक्कामी गाडी लागली होती आणि यावेळी त्यांनी बदली मागितली नव्हती.