धर्माचा तास आणि शेतकऱ्यांची पोरं

प्रश्न : मी नवापूर तालुक्यात एका चर्चच्या प्राथमिक शाळेत तिसरीला शिकवते, स्वतः ख्रिस्ती आहे. आठवड्याला दोन पिरियड धर्मशिक्षणाचे असतात. वर्गात ख्रिस्ती पोरं निम्मीपण नाहीत, बाकी आदिवासी, गुजर, मुसलमान सगळेच. बायबलमधली वचनं घडाघडा म्हणतात पण अर्थ विचारला की गप्प. त्यात एका पालकांनी गेटवर गाठून विचारलं, मॅडम पोराला बाटवणार तर नाही ना? रात्रभर झोप नाही लागली. काय करू?
– एक शिक्षिका

उत्तर : ताई, आधी त्या वडिलांचं. त्यांच्यावर रागावू नका, त्यांनी विचारलं हे फार बरं झालं. आपल्या राज्यघटनेत कलम २८(३) आहे, सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत धर्माच्या शिकवणीला किंवा उपासनेला बसायची सक्ती करता येत नाही, मूल लहान असेल तर पालकांची संमती लागते. कलम ३० ने अल्पसंख्याकांना शाळा काढायचा हक्क दिलाय पण त्याने हे बंधन सुटत नाही. म्हणून हेडमास्तरांशी बोला, जूनमध्येच साध्या मराठीत फॉर्म द्या, या तासाला काय शिकवतो ते त्यात स्पष्ट लिहा, आणि जो नाही म्हणेल त्याच्या पोराला त्या वेळी चित्रकला किंवा वाचन द्या, पण व्हरांड्यात उभं करू नका हो, पोरं ते विसरत नाहीत.

आता शिकवायचं. पाठांतर थोडं बाजूला ठेवा आणि दाखले, म्हणजे येशूने सांगितलेल्या बोधकथा सांगा. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानातला (अध्याय १३) पेरणाऱ्याचा दाखला मी धुळ्याकडे एका वर्गात घेतला होता, ताटात चार ढिगल्या केल्या, वाटेवरची तुडवलेली माती, बरड, काटेरी तणाची आणि काळी, आणि मूठभर ज्वारी वरून टाकली. एक पोरगा लगेच म्हणे, "मॅडम, त्यानी वाटवर बी काब्रं टाकं?" बरोबर होतं त्याचं! त्याच्या घरी पाभरीने पेरतात, बी सरळ ओळीत पडतं, वाटेवर कोण टाकेल. मग सांगितलं की येशूच्या गावाकडे मुठीने फोकून पेरायचे आणि शेतातूनच पायवाट जायची, तेव्हा त्याला पटलं. पुढचे तीस, साठ, शंभरपट पीक मग पोरांनीच बोटं मोजत सांगितलं, कारण पीक म्हणजे काय ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं.

चांगल्या शोमरोन्याची गोष्ट (लूक, अध्याय १०) पण घ्या. यहुदी आणि शेजारचे शोमरोनी लोक यांचं पटत नव्हतं हे आधी सांगा, नाहीतर गोष्टीतला जीवच जातो. वाटेत लुटून जखमी केलेल्या माणसाची काळजी घ्यायला तो शोमरोनी उतारशाळेवाल्याला दोन दिनार देतो, म्हणजे मजुराची दोन दिवसांची मजुरी, हे सांगितलं की पोरं लगेच घरच्या रोजाचा हिशोब लावतात.

आणि बोलताना एवढं जपा, "ख्रिस्ती लोक असं मानतात" म्हणा, "आपण मानतो" असं पोरांच्या तोंडी घालू नका. तुमची श्रद्धा लपवायची काहीच गरज नाही, कोणी विचारलं तर "हो, मी मानते" म्हणून मोकळं सांगा. पण रोजा, भोंगऱ्या, कानबाई अशा आपल्या घरच्या सण-व्रतांतलं पोरं काही सांगायला लागली तर त्यांना अडवू नका, पूर्ण ऐका. मार्क या तासाला देऊच नका.

आणि त्या वडिलांना एकदा वर्गात बोलवा, ज्वारी पेराल त्या दिवशी. मागच्या बाकावर बसू द्या, बघू द्या सगळं.