जुन्या मोटारसायकलची घरची देखभाल: वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या बहुतेक पत्रांतली गाडी सेकंड हँड आहे. कुणी भावाकडून घेतली, कुणी ओळखीतून, कुणी बाजारातून. प्रश्न वेगवेगळे असले तरी अडचण एकच दिसते: आधीच्या माणसाने गाडीचं काय केलं आणि काय केलं नाही, हे कुणालाच नक्की माहीत नाही. उत्तरं वाचताना ही गोष्ट डोक्यात ठेवा.

प्रश्न: 2014ची स्प्लेंडर प्लस घेतली, 41,000 किलोमीटर झालेली. विकणारे म्हणाले, सर्व्हिसिंग नुकतंच केलंय. ऑइल स्वतः बदलायचं आहे, पण कधी पाना हातात धरलेला नाही. जमेल का? (बार्शी)

जमेल. विकणारा खोटं बोलतोय असं मी म्हणत नाही, पण त्याचं ‘नुकतंच’ म्हणजे गेला महिना की गेली दिवाळी, हे तुम्हाला कळायला मार्ग नाही. म्हणून एक वही घाला. पहिल्या ओळीत आजची तारीख आणि किलोमीटर लिहा आणि तिथूनच गाडीचा हिशेब सुरू झाला असं धरा.

आता ऑइल. गाडी पाच-सात मिनिटं फिरवून आणा. कोमट झालेलं ऑइल पातळ होतं आणि तळाची घाण घेऊन उतरतं. गाडी सपाट जागी मेन स्टँडवर घ्या, वरचं ऑइलचं झाकण सैल करा, इंजिनच्या पोटाखाली जुनी पसरट पाटी ठेवा. खालच्या बोल्टला 17 नंबरचा रिंग पाना बसतो. तोंड सरकणारा पाना किंवा पक्कड लावू नका, बोल्टचे कोपरे झिजतात आणि पुढच्या वेळी तो कुणालाच सुटत नाही. शेवटचे आटे बोटांनी सोडा, हात बाजूला घ्या, ऑइल गरम असतं.

उतरू द्या पंधरा मिनिटं. ही पंधरा मिनिटं वाया घालवू नका, ऑइल बघा. काळं असेल तर काळजी नको, वापरलेलं ऑइल काळंच असतं. दुधाच्या चहासारखं दिसलं तर आत पाणी गेलंय. उन्हात धरल्यावर चंदेरी चमक दिसली तर आत धातू झिजतोय, आणि मग गाडी चांगल्या मेकॅनिकला दाखवलीच पाहिजे. उतरलेलं ऑइल मापात ओतून पाहा. या इंजिनात ऑइल बदलताना 900 मिली भरतात. निघालं जेमतेम निम्मं, तर एक तर गाडी ऑइल खाते किंवा कुणी वर्षभर झाकण उघडून पाहिलेलं नाही. तसं असेल तर पुढचे दोन महिने दर 500 किलोमीटरला डिपस्टिक, म्हणजे झाकणाला जोडलेली ऑइल मोजायची पट्टी, तपासा.

बोल्ट परत लावताना मात्र घाई नको. वॉशर नवा घाला, पाच-दहा रुपयांची वस्तू आहे. बोल्ट नुसत्या बोटांनी तीन-चार फेरे फिरला पाहिजे. पहिल्याच फेऱ्याला अडला तर तो तिरका बसलाय; काढा, आटे पुसा, पुन्हा लावा. इंजिनचा खालचा भाग ॲल्युमिनियमचा आणि बोल्ट लोखंडी, त्यामुळे आटे जातात ते इंजिनचे. शेवटी पाना मधोमध धरून बेताने आवळा. पान्याला पाइप लावून जोर काढणारे मी पाहिलेत, आणि नंतर त्याच इंजिनला नवे आटे पाडून घेताना त्यांचे चेहरेही पाहिलेत.

10डब्ल्यू-30 ऑइल भरा (हा ऑइलच्या दाटपणाचा नंबर, डब्यावर असतो), इंजिन दोन-तीन मिनिटं चालवा, बंद करून तेवढाच वेळ थांबा. मग डिपस्टिक पुसून, आटे न फिरवता नुसती टेकवून पाहा. स्प्लेंडरला कागदी ऑइल फिल्टर नसतो. जाळी आणि गरगर फिरून घाण बाजूला टाकणारा फिल्टर उजव्या कव्हरच्या आत असतो. ते कव्हर या खेपेला मेकॅनिककडून उघडून साफ करून घ्या, कव्हरच्या सांध्यातलं गॅस्केट नवं लागतं. मॅन्युअलमध्ये बदलण्याचा काळ 6,000 किलोमीटर असला तरी इतिहास माहीत नसलेल्या गाडीला मी पहिली दोन वेळा 3,000लाच बदलतो.

आणि ते काळं ऑइल गटारात, शेतात, विहिरीजवळ कुठेही ओतू नका. कॅनमध्ये भरा आणि वापरलेलं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या.

प्रश्न: घरी कारचं चांगलं महागडं ऑइल उरलंय. पल्सरला चालेल का? (नाशिक)

नाही. कारच्या इंजिनात क्लच ऑइलमध्ये बुडालेला नसतो, मोटारसायकलच्या बहुतेक इंजिनांत असतो. कारच्या बऱ्याच ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं घालतात. ती क्लच प्लेटवर बसली की चढावर इंजिन ओरडतं आणि गाडी पुढे सरकत नाही. डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए2’ (ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचला चालणाऱ्या ऑइलची खूण) लिहिलेलं ऑइलच घ्या. ‘एमबी’ हे स्कूटरसाठी असतं.

प्रश्न: पॅशन प्रोवर रोज कॉलेजला जाते. खड्ड्यातून गेलं की मागून खडखड येते. गॅरेजवाले काका म्हणाले चेन सैल आहे, टाइट केली, पण पंधरा दिवसांत पुन्हा तेच. हे मी घरी करू शकते का? (इचलकरंजी)

नक्की करू शकता, आणि पंधरा दिवसांत सैल का होते तेही तुम्हीच शोधू शकता.

तुमच्या गाडीची चेन कव्हरच्या आत आहे. कव्हरच्या खालच्या बाजूला एक रबरी बूच असतं, ते काढा. गाडी मेन स्टँडवर, न्यूट्रलमध्ये. भोकातून बोटाने चेन वर-खाली करा. ती साधारण 20 ते 30 मिलिमीटर हलली पाहिजे. आता चाक थोडं फिरवून पुन्हा मोजा. असं चार ठिकाणी करा. एका जागी सैल आणि दुसऱ्या जागी ताठ लागत असेल तर चेन कमी-जास्त ताणली गेलीय. अशी चेन कितीही आवळली तरी पंधरा दिवसांचीच. ताठ जागी तिचा भार बेअरिंगवर येतो, म्हणून सेटिंग नेहमी सगळ्यात ताठ जागा धरून करायचं.

कव्हर एकदा काढून मागच्या चक्राचे दात पाहा. दात एका बाजूला वाकून आकड्यासारखे झाले असतील, किंवा चक्राच्या अगदी मागच्या टोकाला चेन ओढल्यावर निम्मा दात उघडा पडत असेल, तर चेन आणि दोन्ही चक्रं मिळून पूर्ण सेट बदला. नुसती चेन बदलून पैसे वाचत नाहीत, झिजलेले दात नवी चेन काही महिन्यांत खातात.

दात चांगले असतील तर एक्सलचा नट आणि चक्राच्या बाजूचा स्लीव्ह नट सैल करा. दोन्ही बाजूंचे ॲडजस्टर सारखेच फिरवा. चिमट्यावर, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्यांवर, खुणा असतात. डावीकडे तिसरी खूण दिसत असेल तर उजवीकडेही तिसरीच हवी, नाहीतर चाक तिरकं बसतं. नट आवळून पुन्हा मोजा. आवळताना चाक हलतं आणि केलेलं माप बदलतं, हे जवळपास दर वेळी होतं. चाक मागे सरकलं की मागच्या ब्रेकचा रॉड ताणला जातो. म्हणून शेवटी पेडल दाबून पाहा, चाक मोकळं फिरतंय का आणि ब्रेकचा दिवा वेळेवर लागतोय का ते बघा. ही शेवटची पायरी विसरल्यामुळे ब्रेक घासून गरम झालेली ड्रम मी किती तरी वेळा उघडलीय.

साफसफाईला रॉकेल आणि ब्रश, मग कापडाने कोरडी पुसून 90 नंबरचं गिअर ऑइल थेंब थेंब. जास्तीचं पुसून टाका, नाहीतर धूळ चिकटते. चेनच्या जोडाची क्लिप दिसेल, तिचं उघडं तोंड चेन धावते त्याच्या उलट दिशेला असलं पाहिजे.

एक विनंती. इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून, फिरत्या चेनला कापड लावू नका. व्हिडिओत करतात तसं अजिबात नको. आमच्या गॅरेजमध्ये एका मुलाचं कापड चेनमध्ये ओढलं गेलं आणि त्याच्यामागे बोटाचं पेर गेलं. अर्ध्या सेकंदात. चाक हातानेच फिरवा, किल्ली खिशात.

प्रश्न: पावसाळ्यात गाडी दीड महिना अंगणात ताडपत्रीखाली होती. 2016ची शाइन. आता किक मारून थकलो, सुरू होत नाही. (राजापूर)

कार्ब्युरेटरची (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणाऱ्या भागाची) गाडी आहे, त्यामुळे हे घरी सुटण्यासारखं आहे. आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि ते हवेतला ओलावा ओढून घेतं. कोकणातल्या पावसात बंद टाकीत पाणी जमणं सोपं. कॉक बंद करा, कार्ब्युरेटरच्या खालच्या वाटीचा स्क्रू सैल करा आणि निघालेलं पेट्रोल काचेच्या बाटलीत धरा. तळाला वेगळा थर दिसला तर ते पाणी. टाकी रिकामी करून ताजं पेट्रोल भरा. हे काम उघड्यावर, विडी-स्टोव्हपासून लांब.

तरी सुरू नाही झाली तर प्लग काढा. ओला आणि पेट्रोलचा वास असेल तर पुसून वाळवा. तांबूस बिस्किटी रंग चांगला, कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जातंय किंवा एअर फिल्टर चोंदलाय, तेलकट काळा असेल तर ऑइल वर येतंय. प्लग नेहमी थंड इंजिनमध्येच काढायचा आणि लावताना आधी हाताने. बॅटरीही मोजा: गाडी बंद असताना 12.4 व्होल्टच्या खाली असेल तर चार्ज करून घ्या.

ताडपत्री गाडीला चिकटून बांधू नका. आत घाम धरतो. खालून वारा खेळता ठेवा.

प्रश्न: पल्सरच्या पुढच्या डिस्क ब्रेकचा लिव्हर मऊ लागतो. ब्रेक ऑइल स्वतः बदलू का? (पुणे)

पहिल्या वेळी एकट्याने नको. इंजिनचं ऑइल बदललं नाही तर इंजिन आवाज करून सांगतं. ब्रेकमध्ये हवा राहिली तर ते तुम्हाला उतारावरच कळतं. जाणत्या माणसाच्या शेजारी बसून दोनदा बघा, मग तिसऱ्यांदा हात घाला.

तोवर तुम्ही करायचं ते एवढं. हँडलवरच्या डबीच्या काचेत पातळी खालच्या खुणेच्या वर आहे ना, रंग काय आहे. मधासारखा फिकट असेल तर ठीक, चहासारखा गडद झाला असेल तर बदलायची वेळ झाली. हे ऑइल ओलावा शोषतं, म्हणून गाडी कमी चालली तरी दोन वर्षांत बदलावं लागतं. झाकणावर लिहिलेल्या प्रकारचंच ब्रेक ऑइल वापरा, डॉट 4 असेल तर डॉट 4, आणि नव्या सीलबंद बाटलीतलं. टाकीवर थेंब पडला तर लगेच पाण्याने धुवा, रंग उचलतो. पातळी खाली गेली असेल तर नुसतं वर भरू नका, आधी पॅड पाहा. पॅड झिजले की पातळी उतरते.

ज्यांच्या गाडीला ड्रम आहे त्यांनी ब्रेक दाबून ड्रमच्या बाहेरचा बाण पाहावा. तो खुणेपर्यंत पोचला की लायनर संपले. ड्रम उघडल्यावर आतली भुकटी फुंकू नका, ओल्या फडक्याने पुसा. ती छातीत जाते.

प्रश्न: टॅपेटचा बारीक टिकटिक आवाज येतो. बंद करता येईल? (जालना)

थोडा आवाज राहू द्या. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह ढकलणारे स्क्रू, आवाज पूर्ण बंद होईपर्यंत आवळले तर गरम झाल्यावर व्हॉल्व्ह नीट मिटत नाही आणि जळतो. फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी), थंड इंजिनमध्ये, तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमधल्या मापानेच करायचं. फीलर गेज नसेल तर हात लावू नका.

प्रश्न: मुलगा 16 वर्षांचा आहे. माझ्या जुन्या गाडीवर काम शिकायचं म्हणतो. शिकवू का? (लातूर)

शिकवा. चालवायला मात्र देऊ नका, गिअरच्या गाडीचं लायसन्स 18व्या वर्षीच. सुरुवात टायरच्या हवेपासून करा: सकाळी गाडी थंड असताना गेजने मोजून, चेन कव्हरवरच्या स्टिकरशी ताडून पाहू दे. मग डिपस्टिक, मग चेनला ऑइल. प्रत्येक वेळी वहीत तारीख आणि किलोमीटर त्यानेच लिहावेत. त्याने आवळलेला प्रत्येक नट पहिले सहा महिने तुम्ही स्वतः पाना लावून तपासा, आणि तो समोर उभा असतानाच तपासा, म्हणजे का तपासायचं हेही त्याला दिसेल.