जीआय, तांबे आणि सीपीव्हीसी एकाच इमारतीत एकमेकांना जोडलेले चालते का?

आपल्या प्रश्नाचा आशय मला समजला तो असा: अंधेरीतील आपल्या चार मजली व्यावसायिक इमारतीत तळमजल्यावर उपाहारगृह आणि वर कार्यालये आहेत. जुनी जीआय लाइन टप्प्याटप्प्याने बदलायची आहे. गरम पाण्याला तांबे, थंड पाण्याला सीपीव्हीसी (गरम पाणीही सोसणारा कडक प्लास्टिकचा पाइप) आणि गरम पाण्याच्या परतीची, म्हणजे न वापरलेले गरम पाणी पुन्हा हीटरकडे नेणारी, जुनी जीआय लाइन तशीच, असे सगळे एकमेकांना जोडून देतो आणि काही फरक पडत नाही, असे कंत्राटदार सांगतो. मी बावीस वर्षे मुंबईत इमारतींच्या नळकामावर देखरेख करतो. माझ्या मते फरक पडतो, आणि तो सरळ पाइपात नव्हे तर सांध्यात पडतो.

सर्वांत आधी तांबे आणि जीआय. जीआय म्हणजे जस्ताचा थर दिलेला पोलादी पाइप. तांबे आणि जस्त पाण्यात एकमेकांना जोडले गेले की जस्त आधी झिजते आणि नंतर उघडे पडलेले पोलाद गंजू लागते. हे बहुतेक प्लंबरना ठाऊक असते, म्हणून ते मध्ये डायलेक्ट्रिक युनियन, म्हणजे आत प्लास्टिकची बुशी असलेला, खोलता येणारा जोड, बसवतात आणि निश्चिंत होतात. पण ते युनियन फक्त धातूला धातू भिडू देत नाही. पाण्यात विरघळून पुढे जाणारे तांबे ते अडवत नाही. ते तांबे पुढच्या जीआय पाइपात जस्तावर कणाकणाने बसते आणि प्रत्येक कणाभोवती खड्डा पडू लागतो. म्हणून पाण्याच्या वाटेवर जीआय आधी आणि तांबे नंतर, हा क्रम पाळायचा असतो.

गरम पाण्याच्या फिरत्या लाइनमध्ये मात्र हा क्रम पाळताच येत नाही, कारण पाणी पुन्हा तिथेच परत येते. काही वर्षांपूर्वी एका हॉटेलात मी हेच पाहिले. नवा तांब्याचा हेडर, म्हणजे फाटे निघणारा मुख्य पाइप, आणि परतीची जुनी जीआय लाइन, अशी जोडणी होती. तिसऱ्या वर्षी परतीच्या लाइनला सुईच्या टोकाएवढी छिद्रे पडू लागली. एक तुकडा कापून उभा चिरला तेव्हा आत तांबूस-तपकिरी गाठी दिसल्या. स्क्रूड्रायव्हरने एक गाठ उडवली तर तिच्याखाली वाटीसारखा खोल खड्डा होता, आणि आजूबाजूचा पाइप मात्र चांगला जाड होता. शिवाय पाणी साधारण ६० अंशांच्या वर गेले की जस्ताचे पोलादाला मिळणारे संरक्षण भरवशाचे राहत नाही. तेव्हा आपल्या इमारतीत गरम पाणी तांब्याचे करायचे असेल तर परतीची लाइनही तांब्याचीच करा. जीआय लाइनवर एखादा पितळी बॉल व्हॉल्व्ह असला तर मी घाबरत नाही, कारण पितळ थोडे आणि जीआय पुष्कळ असते. उलटे, म्हणजे तांब्याच्या लांब लाइनमध्ये जीआयचे छोटे निप्पल (दोन्ही टोकांना आटे असलेला आखूड तुकडा), हे मात्र मी लगेच काढायला लावतो.

आता सीपीव्हीसी. इथे गंजाचा प्रश्न नाही, मापाचा आहे. नागदेवी स्ट्रीटच्या दुकानात 'पाऊण इंची' मागितले तर सीपीव्हीसीचा पाऊण इंची पाइप तांब्याच्या नळीच्या मापाचा, म्हणजे बाहेरून सुमारे २२.२ मिमी मिळतो. शेड्यूल ४० किंवा ८० (पाइपाच्या जाडीचे वर्ग) चा पाऊण इंची यूपीव्हीसी, म्हणजे थंड पाण्याचा कडक पीव्हीसी, सुमारे २६.७ मिमी असतो. आणि आयएस ४९८५ या भारतीय मानकाचा यूपीव्हीसी मुळात मिलिमीटरमध्येच, २५ मिमी असा विकला जातो. शेवटच्या दोघांत दीड-पावणेदोन मिमीचाच फरक असल्यामुळे घाईत कामगार भरपूर सोल्युशन (प्लास्टिकचे सांधे चिकटवण्याचा द्रव) भरून सांधा 'बसवतो'. असा सांधा चाचणीत कधी कधी टिकतोही आणि छत बंद झाल्यावर सुटतो. सोल्युशनही ज्या त्या प्लास्टिकचे वेगळे असते. यूपीव्हीसीचे सोल्युशन गरम पाण्याच्या सीपीव्हीसीला वापरू नये. पीपीआर हा दुसरा प्लास्टिक पाइप तर सोल्युशनने जोडलाच जात नाही, तो तापवून वितळवूनच जोडावा लागतो.

धातूवरून सीपीव्हीसीवर येताना पितळी आटे बसवलेले फिटिंगच घ्या. प्लास्टिकच्या आतल्या आट्यात जीआयचे निप्पल पान्याने आवळले की फिटिंगला उभी चीर जाते, आणि ती त्या दिवशी दिसत नाही. सांध्याला टेफलॉन टेप लावावी. सफेदा (सांध्याला लावायचा पांढरा लेप), ग्रीस, तेलकट पेस्ट यांपैकी काहीही सीपीव्हीसीला लागू देऊ नये, कारण काही तेले आणि मऊ पीव्हीसीतील द्रव्ये त्याला हळूहळू तडे पाडतात. एसीच्या कॉइलचे पाणी वाहून नेणाऱ्या पाइपातही हाच धोका असतो, कारण कॉइलमध्ये उरलेले कॉम्प्रेसरचे तेल त्या पाण्यासोबत येऊ शकते. गरम लाइनमध्ये पाइपला लांबायला जागा सोडावी लागते: ४० अंशांच्या फरकाने दहा मीटर सीपीव्हीसी सुमारे २५ मिमी वाढतो, तेवढाच पोलादी पाइप जेमतेम पाच. जुन्या जीआयचे घट्ट क्लॅम्प नव्या पाइपला तसेच वापरले तर त्या वाढीचा ताण सगळा एल्बोवर, म्हणजे वळणाच्या जोडावर, येतो.

परदेशी पंप किंवा डिशवॉशर येणार असेल तर त्याचे आटे पाहून घ्या. आपल्याकडे बीएसपी (ब्रिटिश पद्धतीचा) आटा चालतो, त्याच्या दातांचा कोन ५५ अंशांचा असतो; अमेरिकी एनपीटी आट्याचा ६० अंशांचा. अर्धा आणि पाऊण इंचाला दोन्हींचे इंचामागे १४ आटे असल्यामुळे ते एकमेकांत सहज फिरतात आणि म्हणूनच फसवतात. त्यांतून पाणी झिरपतच राहते.

उपाहारगृहाच्या सांडपाण्याला साधा पीव्हीसी देऊ नका. उकळते पाणी आणि तळणीचे तेल मोरीत रोज ओतले गेले की तो मऊ होऊन वाकतो. तिथे बिडाचा पाइप आणि त्याआधी ग्रीस ट्रॅप, म्हणजे तेल-चरबी अडवणारी पेटी, हवी. फ्लशला बोअरवेलचे किंवा टँकरचे पाणी वापरत असाल तर ती लाइन पूर्ण वेगळी आणि प्लास्टिकचीच करा. पालिकेचे तलावांचे पाणी तुलनेने मृदू असते, पण बोअरवेल-टँकरचे पाणी खारे असले तर त्यात धातूंमधला गंज फार वेगाने वाढतो, आणि ३०४ दर्जाचे (साधे, नेहमीचे) स्टेनलेस स्टीलही त्यात खड्डे पडण्यापासून सुटत नाही.

कंत्राटदाराकडून इमारतीच्या नकाशावर प्रत्येक ठिकाणी कोणता पदार्थ कोणाला कोणत्या फिटिंगने मिळतो हे लिहून घ्या. सोल्युशनचे सांधे पूर्ण वाळल्यावर, छत बंद करण्याआधी, वापराच्या दीडपट दाबाने पाण्याची चाचणी आपल्यासमोर करून घ्या. चाचणी हवेने करू देऊ नका. दाबलेल्या हवेने प्लास्टिकचा सांधा फुटला तर तुकडे उडतात.